यंत्रमानवातील अवधान

यंत्रमानवातील अवधान म्हणजे कॅमेरे, ध्वनिग्राहक व इतर संवेदकांकडून सतत येणाऱ्या माहितीतून त्या क्षणी उपयोगी असलेला थोडा भाग निवडून त्यावरच पुढील प्रक्रिया करण्याची व्यवस्था होय. ही व्यवस्था माणसाच्या किंवा इतर प्राण्यांच्या मेंदूतील निवडीच्या यंत्रणेवरून बेतलेली असेल, तर तिला अवधानाचे मेंदूप्रेरित प्रतिमान असे म्हणतात. अशी प्रतिमाने बहुधा कृत्रिम चेताजालांच्या रूपात मांडली जातात. चेतापेशींच्या वर्तनाची गणिती नक्कल करणारे असंख्य लहान घटक एकमेकांना जोडून कृत्रिम चेताजाल तयार होते.

अवधानाच्या प्रत्येक प्रतिमानाला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : आता कोठे पाहावे? त्याची दोन उत्तरे संभवतात. आजूबाजूच्या गोष्टींत जे उठून दिसते तेथे पाहावे, हे पहिले. हाती घेतलेल्या कामाला जे लागते तेथे पाहावे, हे दुसरे. पहिल्याला खालून वर जाणारे आणि दुसऱ्याला वरून खाली येणारे अवधान म्हणतात. या क्षेत्राचा इतिहास बऱ्याच अंशी पहिल्या उत्तराकडून दुसऱ्याकडे झालेल्या प्रवासाचा आहे.

संज्ञा

‘अवधान’ हा शब्द मराठीत जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभच श्रोत्यांकडे अवधान मागून होतो. मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांतही हीच संज्ञा रूढ आहे. एकाच वेळी आठ गोष्टींकडे लक्ष देऊ शकणाऱ्यास अष्टावधानी म्हणतात. यंत्रमानवशास्त्रातील अवधानाची कल्पना मात्र नेमकी उलट टोकाची आहे. सर्वत्र सारखेच लक्ष देणे कोणत्याही मेंदूला वा संगणकाला परवडत नाही, या अडचणीतून ती निघाली आहे. इंग्रजीत ज्याला ‘सॅलियन्सी’ म्हणतात, त्यासाठी या लेखात ‘ठळकपणा’ हा शब्द योजला आहे.

मेंदूतील अवधान

मानवी डोळ्याच्या दृष्टिपटलावर सुमारे १२ कोटी दंडाकृती व ६० लाख शंक्वाकृती प्रकाशग्राही पेशी असतात. त्यांची माहिती मेंदूकडे नेणाऱ्या दृक्‌चेतेत मात्र सुमारे १० लाखच तंतू असतात. शिवाय बारीक तपशील टिपणारा भाग दृष्टिपटलाच्या मध्यावरील एका लहानशा खळगीपुरता मर्यादित असतो. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरला, तर त्याच्या नखाने व्यापलेल्या जागेइतकाच दृष्टीचा भाग एका वेळी खरोखर स्पष्ट दिसतो. बाकीचे दृश्य अंधूक असते. ते तसे जाणवत नाही, याचे कारण डोळे दर सेकंदाला साधारण तीन वेळा झेप घेऊन नव्या जागी स्थिरावत असतात.

डोळे न हलवताही अवधान हलवता येते, हे हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते. अंधाऱ्या पेटीतील अक्षरांवर क्षणभर ठिणगीचा उजेड पाडून, आधीच मनाशी ठरवलेल्या बाजूची अक्षरे तेवढी वाचता येतात, असे त्यांना आढळले. ध्वनीच्या बाबतीत १९५३ मध्ये कॉलिन चेरी यांनी असेच प्रयोग केले. दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवून एकच म्हणून दाखवण्यास सांगितले असता, दुसऱ्या कानातील मजकुराचा अर्थ श्रोत्यांना जवळजवळ सांगता येत नव्हता. या प्रयोगांच्या आधारे डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी १९५८ मध्ये गाळणीचा सिद्धांत मांडला.

अवधान ही डोळ्याची नव्हे तर मेंदूची क्रिया आहे, याचा सर्वांत बोलका पुरावा रुग्णांकडून मिळतो. मेंदूच्या उजव्या पार्श्विका खंडाला इजा झालेल्या काही रुग्णांचे डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. डोळे शाबूत असूनही ताटातील डावीकडचे अन्न तसेच राहते आणि चित्र काढताना फुलाच्या डाव्या पाकळ्या गळतात.

१९८५ मध्ये जेफ्री मोरान व रॉबर्ट डेसिमोन यांनी माकडांच्या दृक्‌बाह्यकातील एकेका चेतापेशीची नोंद घेतली. पेशीच्या टप्प्यात दोन वस्तू असताना माकडाचे लक्ष ज्या वस्तूकडे असेल, जणू तीच एक वस्तू समोर आहे अशा रीतीने पेशी प्रतिसाद देत होती. पुढे १९९५ मध्ये डेसिमोन व जॉन डंकन यांनी पक्षपाती स्पर्धेचा सिद्धांत मांडला. त्यानुसार दृश्यातील वस्तूंमध्ये चेतापेशींच्या प्रतिसादासाठी सतत चढाओढ चालू असते आणि हेतू किंवा अपेक्षा त्यांपैकी एकीच्या पारड्यात वजन टाकते.

ठळकपणाचा नकाशा

अ‍ॅन ट्रीझमन यांनी १९८० मध्ये मांडलेला गुण-एकीकरण सिद्धांत या प्रतिमानांचा पाया ठरला. हिरव्या रेघांत एकच लाल रेघ असेल, तर रेघा कितीही असोत, ती तत्काळ सापडते. पण लाल आडव्या आणि हिरव्या उभ्या रेघांच्या गर्दीत एकच लाल उभी रेघ शोधायची असेल, तर रेघांच्या संख्येबरोबर वेळही वाढत जातो. रंग, दिशा यांसारखे गुण मेंदू सर्व दृश्यभर एकाच वेळी तपासतो; परंतु ते गुण एका वस्तूत सांधण्यासाठी अवधान एकेका जागी न्यावे लागते, असे ट्रीझमन यांचे प्रतिपादन होते.

क्रिस्टोफ कॉख व शिमॉन उल्मन यांनी १९८५ मध्ये या कल्पनेला चेताजालाचे रूप दिले. सर्व गुणांची बेरीज करून दृश्यातील प्रत्येक जागा किती ठळक आहे एवढेच सांगणारा एक नकाशा त्यांनी कल्पिला. ती जागा कशामुळे ठळक आहे, याची नोंद या नकाशात नसते. हा नकाशा प्रत्यक्ष संगणकावर चालवून दाखवण्याचे काम लोराँ इत्ती, कॉख व अर्न्स्ट नीबूर यांनी १९९८ मध्ये केले. पुढील बहुतेक यंत्रमानवी प्रतिमानांची तुलना याच प्रतिमानाशी होत असल्याने त्याची रचना तपशिलाने पाहणे उपयुक्त आहे.

प्रथम कॅमेऱ्यातील चित्र ९ आकारांत मांडले जाते. प्रत्येक आकार आधीच्याच्या निम्मा असतो. दृष्टिपटलातील पेशी मध्यभागाची त्याच्या भोवतालाशी तुलना करतात. त्याचे अनुकरण म्हणून बारीक तपशिलाच्या चित्रातून ठोकळ चित्र वजा केले जाते. जेथे मध्य आणि भोवताल सारखे असतील तेथे काहीच उरत नाही. हिरव्यागार शेतात लाल फेटा असेल तेथे मोठी संख्या उरते. अशी वजाबाकी प्रकाशमानतेसाठी ६, लाल-हिरवा व निळा-पिवळा या रंगजोड्यांसाठी १२ आणि चार दिशांतील रेषांसाठी २४ वेळा होऊन एकूण ४२ नकाशे तयार होतात.

खरे कौशल्य यानंतरच्या पायरीत आहे. हे ४२ नकाशे तसेच मिळवले, तर सर्वत्र काहीतरी ठळक निघून गोंधळ होतो. म्हणून ज्या नकाशात एखादेच उंच शिखर आहे त्याला बढती दिली जाते, आणि ज्यात सारख्या उंचीची पुष्कळ शिखरे आहेत तो दाबला जातो. पानांनी भरलेल्या झाडाच्या चित्रात हजारो रेषा असल्या, तरी त्यांपैकी एकही वेगळी नसल्याने रेषांच्या नकाशाचे वजन घटते. दुर्मीळ ते ठळक, हा नियम अशा रीतीने साध्या अंकगणितात बसवला गेला.

शेवटी तयार झालेल्या एकाच नकाशावर चेतापेशींची स्पर्धा लागते. प्रत्येक घटक आपल्या जागेचा ठळकपणा विद्युत्‌भाराप्रमाणे साठवत जातो आणि साठा थोडा थोडा गळतही असतो. ज्याचा साठा प्रथम ठरावीक पातळी ओलांडतो तो विजयी होऊन बाकी सर्वांना शून्यावर आणतो, व अवधान त्या जागी जाते. येथेच थांबले तर नजर त्या एकाच जागी खिळून राहील. यासाठी जिंकलेली जागा काही काळ दाबून ठेवली जाते, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या जागेला संधी मिळते. मूळ प्रतिमानात अवधानाची एक उडी ३० ते ७० सहस्रांश सेकंदांत होते आणि पाहून झालेली जागा ५०० ते ९०० सहस्रांश सेकंद बंद राहते. नुकत्याच पाहिलेल्या जागी परत जाण्यास माणसालाही किंचित अधिक वेळ लागतो, हे मायकेल पोस्नर व योव्ह कोहेन यांनी १९८४ मध्ये दाखवले होते.

असा नकाशा मेंदूत नेमका कोठे असतो, यावर मात्र एकमत नाही. पार्श्विका खंड, ललाट खंडातील नेत्रक्षेत्र, मध्यमस्तिष्कातील सुपिरिअर कॉलिक्युलस आणि प्राथमिक दृक्‌बाह्यक या सर्वांची नावे त्यासाठी पुढे आली आहेत.

हेतूचा प्रभाव

ठळकपणाच्या नकाशाला यंत्रमानव काय करायला निघाला आहे याचा पत्ता नसतो. आल्फ्रेड यार्बस या रशियन संशोधकाच्या प्रयोगांतून ही उणीव आधीच दिसून आली होती. १९६७ मध्ये इंग्रजीत आलेल्या त्यांच्या ग्रंथात, इल्या रेपिन या चित्रकाराचे एकच चित्र पाहताना प्रेक्षकांची नजर कशी फिरते याच्या नोंदी आहेत. कुटुंबाची सांपत्तिक स्थिती ओळखा असे सांगितल्यावर नजर कपडे व सामानावर गेली, तर वये सांगा म्हटल्यावर चेहऱ्यांवर. चित्र तेच राहिले; बदलला तो प्रश्न.

मायकेल लँड व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला चहाचा प्रयोग यंत्रमानव बांधणाऱ्यांच्या अधिक जवळचा आहे. त्यांनी चहा करणाऱ्या माणसांच्या नजरेची प्रत्येक हालचाल टिपली. स्वयंपाकघरात चकाकणाऱ्या, रंगीत अशा कितीतरी वस्तू असूनही नजर जवळजवळ पूर्णपणे किटली, झाकण, नळ, कप अशा कामाच्या वस्तूंवरच पडत होती, आणि ती हाताच्या साधारण अर्धा सेकंद आधी तेथे पोहोचत होती. चहा करणाऱ्या यंत्रमानवाला केवळ ठळकपणाचा नकाशा दिला, तर तो खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप पाहत बसेल.

यावर उपाय म्हणून निरनिराळी प्रतिमाने पुढे आली. जेरेमी वुल्फ यांच्या मार्गदर्शित शोधाच्या प्रतिमानात, शोधायची वस्तू लाल असेल तर लाल रंगाच्या नकाशाचे वजन वाढवले जाते. कॅनडातील जॉन त्सॉत्सॉस यांनी अवधानाची गरज गणिती अंगाने मांडली. दृश्यातील प्रत्येक संभाव्य तुकड्याची प्रत्येक संभाव्य अर्थाशी तुलना करू म्हटले, तर लागणारी आकडेमोड कोणत्याही मेंदूच्या आवाक्याबाहेर जाते. तेव्हा निवड ही सोय नसून अटळ गोष्ट आहे, असे त्यांनी दाखवले. त्यांच्या १९९५ च्या निवडक जुळणीच्या प्रतिमानात स्पर्धा चेताजालाच्या वरच्या थरात सुरू होते आणि विजेत्याकडे न जाणाऱ्या जोडण्या छाटत ती खालच्या थरांत उतरते. जर्मनीत सिमोन फ्रिन्ट्रोप यांनी विकसित केलेल्या ‘व्होकस’ या प्रणालीत दोन्ही प्रवाह एकत्र आले, आणि अनोळखी जागेचा नकाशा बनवत फिरणाऱ्या यंत्रमानवाने खुणेच्या जागा कोणत्या धराव्यात यासाठीही अवधानाचा उपयोग झाला.

अवधान असलेले यंत्रमानव

रूझेना बायची यांनी १९८८ मध्ये सक्रिय संवेदनाची कल्पना मांडली. यंत्राने समोर येईल ते चित्र निमूटपणे न स्वीकारता, हवी ती माहिती मिळेल अशा रीतीने कॅमेरा स्वतः वळवावा, असा तिचा आशय आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे रॉडनी ब्रूक्स यांच्या प्रयोगशाळेत १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉग’ या यंत्रमानवाच्या प्रत्येक डोळ्यात म्हणूनच दोन कॅमेरे होते : एक विस्तृत पण ढोबळ दृश्यासाठी, दुसरा अरुंद पण स्पष्ट दृश्यासाठी.

त्याच प्रयोगशाळेत सिंथिया ब्रझील यांनी घडवलेल्या ‘किस्मेट’ या यंत्रमानवाच्या शिराची अवधान-प्रणाली ब्रझील व ब्रायन स्कॅसेलाटी यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. त्वचेचा रंग, भडक रंग आणि हालचाल यांचे नकाशे मिळवून ती नजर ठरवत असे. तिचे वैशिष्ट्य म्हणजे या नकाशांची वजने किस्मेटच्या तात्कालिक ‘गरजां’नुसार बदलत. सहवासाची गरज वाढली की त्वचेच्या रंगाचे वजन वाढून नजर माणसाच्या चेहऱ्याकडे वळे. खेळाची गरज वाढली की रंगीत खेळणे जिंके. तीच वस्तू फार वेळ समोर राहिली तर तिचे आकर्षण ओसरे. किस्मेटचे मोठे डोळे कोठे वळले आहेत हे समोरच्या माणसाला सहज कळत असल्याने माणसेही आपोआप त्याच्या नजरेच्या टप्प्यात येऊन खेळणे हलवत. नजर ही माहिती मिळवण्याबरोबरच माहिती देण्याचेही साधन आहे, ही गोष्ट येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे यंत्रात उतरली. किस्मेट आता त्या संस्थेच्या संग्रहालयात आहे.

इटलीतील जेनोव्हा येथे विकसित झालेला ‘आयकब’ हा सुमारे एक मीटर उंचीचा, लहान मुलाच्या आकाराचा यंत्रमानव आहे. युरोपीय संघाच्या प्रकल्पातून २००४ पासून त्याची उभारणी झाली. २००८ मध्ये त्याच्यासाठी केलेल्या प्रणालीत दृश्याचा व ध्वनीचा ठळकपणा यंत्रमानवाभोवती कल्पिलेल्या एकाच गोलावर मांडण्यात आला. त्यामुळे पाठीमागून हाक आली तर तिची जागा, दिसत नसूनही, स्पर्धेत उतरू शकते. पुढे आयकबवर चेतापेशीसदृश कॅमेरेही वापरले गेले. त्यांचे मूळ मिशा माहोवाल्ड व कार्व्हर मीड यांच्या सिलिकॉनच्या दृष्टिपटलात आहे. हे कॅमेरे ठरावीक वेळाने पूर्ण चित्र पाठवत नाहीत. ज्या बिंदूवरील प्रकाश बदलला तोच बिंदू तत्क्षणी संकेत पाठवतो. स्थिर भिंतीबद्दल ते काहीच बोलत नाहीत, त्यामुळे निवडीचा पहिला हप्ता संवेदकातच पार पडतो.

तर्क व स्मृती

पाहणे आणि विचार करणे यांतील दुवा म्हणूनही अवधानाचा अभ्यास झाला आहे. डॅना बॅलार्ड, मेरी हेहो व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात लोकांना रंगीत ठोकळ्यांचा नमुना पाहून तसाच दुसरा रचण्यास सांगितले. नमुना पाठ करणे अवघड नव्हते, तरीही लोक बहुधा एकेका ठोकळ्यासाठी दोनदा नमुन्याकडे पाहत : एकदा रंगासाठी, एकदा जागेसाठी. डोक्यात साठवण्यापेक्षा पुन्हा पाहणे मेंदूला स्वस्त पडते. यंत्रमानवाच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे, कारण जगाची संपूर्ण प्रतिकृती स्मृतीत बाळगण्याऐवजी योग्य क्षणी योग्य जागी पाहणे हेच तर्काचे एक अंग ठरते.

मात्र पाहिलेली वस्तू क्षणभर दिसेनाशी झाली तरी तिचे भान राहिले पाहिजे. शुनइची अमारी यांनी १९७७ मध्ये मांडलेली चेताक्षेत्रांची समीकरणे येथे कामी येतात. या क्षेत्रातील प्रत्येक घटक जवळच्या घटकांना उत्तेजित करतो व दूरच्यांना दाबतो. एकदा उठलेले शिखर त्यामुळे स्वतःला टिकवून धरते, आणि चेंडू टेबलामागे गेला तरी त्याची जागा काही काळ धरून ठेवता येते. ग्रेगोर श्योनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत यंत्रमानवांवर वापरली. बर्नार्ड बार्स यांच्या १९८८ च्या सामाईक मंचाच्या सिद्धांतानुसार अवधान जिंकलेली माहिती मेंदूच्या सर्व विभागांना एकाच वेळी उपलब्ध होते. स्टॅन फ्रँकलिन यांनी त्यावर आधारित संगणकप्रणाली तयार केल्या.

ट्रान्सफॉर्मरमधील ‘अटेन्शन’

२०१४ नंतर ‘अटेन्शन’ हा शब्द कृत्रिम बुद्धिमत्तेत वेगळ्याच मार्गाने सर्वतोमुखी झाला. त्या वर्षी डीपमाइंड कंपनीतील व्होलोडिमिर म्नीह व सहकाऱ्यांनी चित्राचा एक लहान तुकडा पाहून पुढे कोठे पाहायचे हे स्वतः शिकणारे चेताजाल सादर केले. त्याचे मेंदूशी नाते उघड होते. त्याच वर्षी दिमित्री बाहदनाव, क्यंगह्यून चो व योशुआ बेंजिओ यांनी यांत्रिक भाषांतरात मूळ वाक्यातील शब्दांना कमीअधिक वजने देण्याची युक्ती योजली. २०१७ मध्ये आशिष वास्वानी व गूगलमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ या युक्तीवर उभी असलेली ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना मांडली.

नाव एक असले तरी या दोन गोष्टींत मूलभूत फरक आहे, आणि तो न केल्याने लोकप्रिय लेखनात बराच गोंधळ आढळतो. ठळकपणाच्या नकाशात एक जागा जिंकते व बाकीच्या गळतात, त्यामुळे आकडेमोड वाचते. ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रत्येक घटक इतर प्रत्येक घटकाशी ताडून पाहिला जातो आणि सर्वांनाच थोडेफार वजन मिळते. घटक दुप्पट झाले तर तुलना चौपट होतात. मेंदूने ज्या टंचाईतून अवधान घडवले, तिच्या विरुद्ध टोकाची ही उधळपट्टी म्हणता येईल.

यंत्रमानवावर ही रचना बसवताना टंचाई पुन्हा समोर येते. गूगलच्या २०२२ मधील ‘आरटी-१’ या प्रणालीला १३ यंत्रमानवांनी १७ महिन्यांत जमवलेल्या सुमारे १,३०,००० प्रात्यक्षिकांवरून शिकवण्यात आले. सेकंदाला साधारण तीन निर्णय घेता यावेत म्हणून तिच्यात प्रत्येक चित्रातील ८१ घटकांतून ८ घटकच घडवून पुढे पाठवणारा एक थर घालावा लागला.

मर्यादा व टीका

ठळकपणाच्या नकाशावरील एक आक्षेप काहीसा गमतीदार, पण गंभीर आहे. छायाचित्र पाहताना माणसाची नजर कोठे पडेल याचे भाकीत करण्याच्या चाचण्यांत, ‘चित्राच्या मध्यावर’ एवढेच सांगणारा अंदाज अनेक गुंतागुंतीच्या प्रतिमानांहून सरस ठरला. टिल्के जड व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे दाखवले. छायाचित्रकार महत्त्वाची वस्तू मध्यभागी घेतो, हे त्याचे एक कारण. यंत्रमानवाला चित्र कोणी रचून देत नाही, त्यामुळे छायाचित्रांवरील यश त्याच्या कामी येईलच असे नाही.

हेतूला पूर्ण अधिकार देण्यातही धोका आहे. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स व क्रिस्टोफर शाब्री यांनी प्रेक्षकांना चेंडूफेक मोजायला सांगून चित्रफीत दाखवली. मधूनच चालत गेलेले गोरिलाच्या वेशातील माणूस सुमारे निम्म्या प्रेक्षकांना दिसलेच नाही. कारखान्यात माणसांच्या शेजारी काम करणारा यंत्रमानव असा आंधळा झाला, तर त्याची किंमत एखाद्याच्या हातापायाने चुकवावी लागेल. मेंदूत यासाठी वेगळी सोय असल्याचे मॉरिझिओ कॉर्बेटा व गॉर्डन शुलमन यांनी २००२ मध्ये मांडले. त्यांच्या मते एक चेतामार्ग हेतूनुसार अवधान चालवतो, तर दुसरा, मुख्यतः उजव्या बाजूचा, अनपेक्षित पण महत्त्वाचे काही घडताच पहिल्याचे काम तोडतो. यंत्रमानवात हालचाल ओळखणारा एक स्वतंत्र प्रवाह कामाच्या सूचनांपासून अलिप्त ठेवणे, हे त्याचे ढोबळ प्रतिरूप होय.

अवधानाची वजने पाहून यंत्राने निर्णय का घेतला हे सांगता येते का, यावरही वाद आहे. सार्थक जैन व बायरन वॉलेस यांनी २०१९ मध्ये भाषाविषयक चेताजालांत वजने पुष्कळ बदलूनही निर्णय तोच राहतो, असे दाखवून ही वजने म्हणजे स्पष्टीकरण नव्हे असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी सारा विग्रेफ व युव्हाल पिंटर यांनी त्यांच्या चाचण्यांवर आक्षेप घेतले व स्पष्टीकरण कशाला म्हणायचे यावर निष्कर्ष अवलंबून राहतो, असे उत्तर दिले.